विहीणबाईंची जाळी

४ नोव्हेंबर

विहीणबाई, नमस्कार.

या आठवड्यात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुम्ही 'हो हो, बरं बरं, सगळं छान' म्हणालात आणि ठेवून दिलात. मी विचारलं होतं, माझ्या मुलीचे अंगठे कशानं फुटलेत? 'सगळं छान' हे त्याचं उत्तर होत नाही. म्हणून लिहिते. कागद मध्येच तोडता येत नाही.

चिमी दोन दिवस माहेरी आली होती. बटणं लावायला मला हाक मारली. बघते तर दोन्ही अंगठ्यांची नखं मुळाशी सुटलेली, कातडीला भेगा. "काय गं हे?" म्हटलं, तर हसली आणि म्हणाली, "शेंगा." तुमची तेलगिरणी आहे हे ठाऊक असूनच मुलगी दिली. पण गिरणीच्या सुनेनं दिवसभर भुईमुगाच्या शेंगा हातानं फोडायच्या, हे लग्न ठरवताना कोणी बोललं नव्हतं.

मी गेली तीस वर्षं पत्र्याला भोकं पाडते. धान्याच्या चाळण्या, गाळण्या, पंख्याच्या जाळ्या, सगळं आमच्या कारखान्यात होतं. माझी दहाही बोटं शाबूत आहेत, कारण जोर प्रेस लावतो आणि डोकं मी लावते. तुमच्याकडे उलटं दिसतंय.

उत्तराची वाट बघते.

तुमच्या सुनेची आई

९ नोव्हेंबर

विहीणबाई, तुम्हालाही नमस्कार.

पत्र वाचलं. 'डोकं मी लावते' हे वाक्य तर दोनदा वाचलं.

तुमच्या मुलीला मी शेंगा फोडायला बसवलं नाही. ती आपण होऊन बसली. मी उठवलं तर पुन्हा बसली. "आई, गोदाम बघितलंत का?" असं मलाच विचारलंन. तुम्ही नाही बघितलंत, म्हणून सांगते. यंदा शेंग इतकी आली की पोती छताच्या पत्र्याला टेकलीत. आमच्याकडे फोडायला सहा बायका, सातवी मी, आठवी तुमची लेक. आठ जणी मिळून दिवसाला जेवढं फोडतो, तेवढं घाणा सकाळच्या चहाआधी गिळून बसतो आणि मग दिवसभर रिकामा. त्यात इथली हवा दमट. या महिन्याअखेर शेंगा फोडून झाल्या नाहीत तर आतून बुरशी धरणार, आणि बुरशीच्या दाण्याचं तेल मी कुणाच्या घरात जाऊ देणार नाही. पुलापलीकडच्या मोठ्या गिरणीनं शेतकऱ्यांना निरोप धाडलाय, तुमची पोती उचलून आमच्याकडे आणा. एकदा गेलेला शेतकरी परत येतो का? ही गिरणी आमच्या ह्यांनी आणि मी एकेक नट जोडून उभी केलीय. बंद पडलेली मला बघायची नाही.

तेव्हा मुलीची एवढी काळजी असेल तर रागावून पत्र लिहिण्यापेक्षा एक करा. शेंगा फोडायचं यंत्र करून द्या. बाजारातलं मोठं यंत्र आमच्या शेडच्या दारातून आत जात नाही, मोजून झालंय. भोकं पाडता येतात ना तुम्हाला? मग दाखवा.

मुलगा ट्रक घेऊन तिकडे येतोय. त्याच्याबरोबर नमुन्याला एक पोतं शेंगा पाठवल्यात.

तुमच्या मुलीची सासू

१३ नोव्हेंबर

विहीणबाई,

पोतं मिळालं. तुम्ही मला डिवचायला पाठवलंत हे मला कळलंय. तरी मी डिवचली गेले, हेही कबूल करते.

पोतं आमच्या कारखान्यातल्या टेबलावर ओतलं आणि जेवायच्या सुट्टीत दोनशे शेंगा कॅलिपरनं मोजल्या. मग दाणे मोजले. विहीणबाई, ही शेंग म्हणजे काय गंमत आहे हो! बाहेरून किती दणकट, आणि आत दाणा नुसता सैल पडलेला, हलवला की वाजतो. म्हणजे टरफल फोडायचं, पण दाण्यापर्यंत धक्का पोचू द्यायचा नाही. अंगठा हेच करतो. अंगठ्याचं काम लोखंडाला शिकवायचं, एवढाच प्रश्न.

केलं ते असं. खाली अर्धगोल वाकवलेली जाळी, पाळण्यासारखी. तिच्यात फिरणारा ड्रम, त्याला चार लोखंडी पट्ट्या. वरून नरसाळ्यातून शेंगा पडणार, पट्ट्या त्यांना जाळीवर रगडणार, दाणे आणि टरफलं भोकांतून खाली. खाली पंखा. टरफल हलकं, ते उडणार. दाणा जड, तो सरळ पडणार. तुमच्या दाराचं माप मुलाला विचारून घेतलं. यंत्र आत जाईल, वर चार बोटं जागा उरेल.

कारखान्याचे मालक आधी "हे काय चाललंय?" म्हणाले. तासाभरानं स्वतःच बाह्या सरसावून वेल्डिंगला बसले. चार दिवसांत झालंसुद्धा! आज ट्रकवर चढवलं. शेंगा एकदम ओतू नका. पसापसा टाका. आणि काय झालं ते त्याच दिवशी कळवा.

चिमीची आई

१८ नोव्हेंबर

विहीणबाई,

त्याच दिवशी कळवायला सांगितलंत, पण त्या दिवशी आम्ही सगळे झाडू मारत होतो.

यंत्र आलं. दिसायला देखणं, खोटं कशाला बोलू. सहाही बायका हातातलं टाकून भोवती उभ्या. आमचे हे घाण्याजवळून उठले नाहीत, पण मान वळवली. ह्यांच्या मानानं ते पुष्कळ झालं. तुमच्या लेकीनं बटण दाबलं, मी पसाभर शेंगा टाकल्या आणि देवा रे! फाडफाड फाडफाड! शेडमध्ये पिवळं धुकं. खाली टोपलीत बघतो तर दाणे कुठले, नुसता भरडा. एकीच्या केसांत टरफल, दुसरीच्या चहात टरफल. पंख्यानं दाण्याचा चुरासुद्धा दाराबाहेर नेऊन टाकला, शेजारच्यांच्या कोंबड्या खूश!

मला वाटलं तुमची लेक रडेल. ती हसत सुटली. म्हणाली, "आई नेहमीच जरा जास्त जोर लावते." मग खाली बसून तिनं शंभर दाणे वेचून बघितले. बासष्ट फुटलेले. फुटलेला दाणा आठ दिवसांत खवट होतो, तो मला नको. मग झाकण काढून पुन्हा दोन-दोन शेंगा टाकत बघत बसली. तिचं म्हणणं असं: शेंग फुटते पहिल्याच रगड्यात. पण भोकं गोल आहेत, त्यामुळे दाण्याला बाहेर पडायची वाट लवकर सापडत नाही, आणि तेवढ्यात मागून दुसरी पट्टी येऊन त्याला ठेचते. मला हे कळलं नसतं. तुम्हाला कळेल म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

तिला मी आता शेंगांवरून उठवलंय. नुसती घाण्याशेजारी उभी ठेवते.

बारा दिवस उरलेत, विहीणबाई. थट्टा सोडून सांगते, काहीतरी करा.

चिमीची सासू

२१ नोव्हेंबर

विहीणबाई,

बरोबर आहे तिचं! अगदी बरोबर! पत्र वाचलं आणि मी प्रेसवरच 'अगं बाई' म्हणून ओरडले. लांबट भोकं हवीत. शेंग आडवी लोळते, दाणा आडवा निसटतो. नऊ मिलिमीटर रुंद, चाळीस लांब. भोकं पाडायचा नवा पंच घासून केला, अख्खी जाळी काल पाडली. पट्ट्यांना जुन्या टायरचं रबर लावलंय आणि ड्रमला मोठी पुली दिलीय, म्हणजे वेग निम्म्यावर येईल. बारक्या शेंगा न फुटता खाली पडतील. त्या चाळून पुन्हा टाका, खालचे स्क्रू दोन आटे पिळून, जाळी वर उचलून. ट्रकवाल्या जावयांच्या हाती सगळं देते आहे.

आता दुसरं. 'नुसती घाण्याशेजारी उभी ठेवते.' म्हणजे काय? ती काय राखणदार आहे? शेंगांवरून उठवलीत ते उभं करायला?

स्पष्टच लिहिते. आमचे मालक थकलेत. पंच आणि साचे करायचं काम बघायला त्यांना भरवशाचं माणूस हवंय, आणि त्यांनी चिमीचं नाव काढलंय. ती लहानपणापासून माझ्या शेजारी उभी राहून शिकली आहे. यंत्र चाललं, की तुमचं तिच्यावाचून अडणार नाही. मग मी तिला इकडे घेऊन येणार. जावयांचा ट्रक इकडूनही सुटू शकतो. यंत्र मी एवढ्यासाठीच करत होते, हे तुमच्यापासून लपवून ठेवणं मला आता बरं वाटत नाही.

आणि लग्नात सगळ्यांसमोर तुम्ही म्हणाला होतात, "भोकं पाडणारीची मुलगी, आपल्या घराला भोक पाडलं नाही म्हणजे मिळवली." मी ते ऐकलं होतं. दोन वर्षं झाली, गिळलं जात नाही.

चिमीची आई

२५ नोव्हेंबर

विहीणबाई, विहीणबाई, विहीणबाई!

चाललं! नुसतं चाललं नाही, धावलं! मी पसाभर टाकल्या, तुमची लेक म्हणाली, "आणखी." मी टोपलीभर टाकल्या, म्हणाली, "आणखी!" खाली दाणे असे पडायला लागले, अख्खे, गुलाबी, की आमच्यातली सगळ्यांत म्हातारी बाई टोपलीत दोन्ही हात घालून बसली, हात बाहेर काढीच ना. टरफलं दाराबाहेर डोंगरासारखी. शंभरात फुटलेले नऊ. नऊ! दुपारपर्यंत आमच्या चार दिवसांचं काम उरकलं. मी तुमच्या लेकीचे दोन्ही अंगठे धरून पापे घेतले. ती म्हणाली, "आई, सोडा, मला यंत्र बंद करायचंय."

मग ते स्वच्छ दाणे घाण्यात घातले, आणि माझं तोंडचं पाणी पळालं. आमचा घाणा म्हणजे लोखंडी नळकांडं, आत जाड आटा, म्हणजे मोठा स्क्रू, फिरतो. तो दाणे पुढे रेटतो, दाबतो. तेल खालच्या फटींतून, पेंड पुढच्या तोंडातून. पण तेल येईच ना! तोंडातून मऊ लगदा बाहेर, बाळाला भरवावा तसा. आटा आतल्या आत घसरत होता. मी कपाळाला हात लावला. एवढं करून घाणाच रुसला!

आमचे हे दिवसाला मोजून सात शब्द बोलतात. त्यांनी लगदा बोटांत चोळला आणि म्हणाले, "टरफल घाला मूठभर." मी म्हटलं, अहो, ते काढायलाच तर एवढा खटाटोप केला! तर म्हणतात, "हातानं फोडताना थोडं राहायचंच." विहीणबाई, खरंच! इतकी वर्षं आमच्या दाण्यात थोडं टरफल राहायचं, आणि त्याच कोंड्याला धरून आटा दाण्याला दाबायचा. तुमची जाळी इतकी स्वच्छ निघाली की आट्याला धरायला काही उरलंच नाही. मूठभर टरफल परत घातलं. दोन मिनिटं काही नाही. मग फटींतून धार लागली, सोन्यासारखी. ह्यांनी दिवसाचे शब्द संपवले होते, म्हणून नुसते हसले.

आता तुमच्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. हे लिहायला मला जड जातंय.

मला ऐकू येत नाही. पंचवीस वर्षं घाण्याच्या आवाजात काढली, कान गेले. समोरच्याचे ओठ बघून मी निभावते. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून 'हो हो, बरं बरं' म्हणून ठेवून देते. तुम्ही अंगठ्यांचं विचारलंत हे मला पत्र आल्यावर कळलं. गिरणीवाल्या बाईला घाणा ऐकू येत नाही हे बाहेर फुटलं तर शेतकरी काय म्हणतील, म्हणून कुणाला सांगितलं नाही. सूनबाईला पहिल्याच महिन्यात कळलं. तेव्हापासून ती घाण्याशेजारी उभी राहते आणि कुठे काही कुरकुरलं की मला खूण करते. घाणा ती ऐकते, विहीणबाई. राखण नव्हे.

आणि लग्नात. ते मी ह्यांच्या कानात कुजबुजले होते. निदान मला तसं वाटलं होतं. माझा आवाज किती मोठा निघतो ते मला कळत नाही. म्हणून बोलले ते चांगलं होत नाही. मनात आलं हेच वाईट. चुकले.

तीस तारखेला शेतकऱ्यांना यंत्र बघायला बोलावलंय. पुलापलीकडे जायचं की इथे थांबायचं ते त्या दिवशी ठरवणार आहेत. तुम्ही या. मुलीला न्यायचं त्याचं आपण समोरासमोर बोलू.

तुमची विहीण

२७ नोव्हेंबर

विहीणबाई,

पत्र वाचलं. फोनवरून मी तुम्हाला काय काय समजले होते!

येते. एकोणतीसला पोचते. एक जास्तीचा पट्टा आणि दोन बेअरिंग पिशवीत घालून आणते. माझ्याशी बोलताना आवाजाची काळजी करू नका. मीसुद्धा प्रेसवर काम करते, मला हळू बोललेलं आवडत नाही.

तुमची विहीण

४ डिसेंबर

विहीणबाई,

सुखरूप पोचले. त्या दिवशी तुम्ही दारात पोत्यांपाशी होतात, पाठ आमच्याकडे. आत काय बोलणं झालं ते तुमच्यापर्यंत आलं नसणार आणि चिमी स्वतःचं कौतुक सांगणार नाही. म्हणून सगळं लिहिते.

तीस-पस्तीस माणसं होती. पहिली चार पोती भराभर गेली. लोक दाणे हातात घेऊन एकमेकांना दाखवत होते. तो उंच शेतकरी, करड्या टोपीवाला, त्याच्या कपाळावरची आठी काही जाईना. पाचवं पोतं अर्ध्यावर आलं आणि चिमीनं खाडकन बटण बंद केलं. मला काहीही ऐकू आलं नव्हतं, आणि यंत्र माझं!

टोपीवाला म्हणाला, "झालं? दमलं का तुमचं खेळणं?" लोक हसले. चिमी अगदी शांतपणे म्हणाली, "डावं बेअरिंग गुणगुणायला लागलंय. अजून दहा मिनिटं चालवलं असतं तर आस जाम झाला असता, मग दोन दिवस बंद. आता बदललं तर वीस मिनिटं. तुम्ही चहा घ्या."

"तुला कसं कळलं?"

"तुम्हाला तुमचा बैल लंगडायच्या आधी कळतं ना? तसं."

मी पिशवी घेऊन पुढे झाले. तिनं माझ्या हातातून बेअरिंग घेतलं आणि म्हणाली, "आई, पाना धर." मी पाना धरला, विहीणबाई. जिला मी पाना धरायला शिकवलं, तिच्यासाठी मी पाना धरून उभी! चौदा मिनिटांत तिनं बसवलं. बटण दाबलं, मान तिरकी करून क्षणभर ऐकलं आणि मला म्हणाली, "हं." त्या 'हं'साठी मी आणखी दहा यंत्रं करीन.

मग टोपीवाल्यानं स्वतः एक पोतं ओतलं. खालून ओंजळभर दाणे घेतले, एकेक करून बाजूला काढले. फुटलेले सात निघाले. तो म्हणाला, "पुलापलीकडे न्यायला मी बैल जुंपून आलो होतो." मग मुलाला हाक मारली, "गाडी इकडे वळव, सगळं इथेच उतरव." आणि मागची माणसं एकदम उठली. तुम्ही वळून बघितलंत ते तेव्हा, पोती दारात आल्यावर. तुम्ही मला मिठी मारलीत तेव्हा काय झालं ते तुम्हाला पूर्ण ठाऊकही नव्हतं.

तिला घेऊन जायचं विचारायला मी आले होते. तुम्ही दोनदा विषय काढायला बघितलंत, मी दोन्ही वेळा शेंगांबद्दल बोलले. कारण ती पाना मागत होती तेव्हा तिचा चेहरा मी बघितला होता. नाही विचारवलं.

तुमची विहीण

९ डिसेंबर

विहीणबाई,

पत्र ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठ्यानं म्हणजे किती ते तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरच्या बायकाही आत आल्या. 'खेळणं' आलं तिथे सगळ्यांनी टोपीवाल्याला शिव्या घातल्या, 'पाना धर' आलं तिथे टाळ्या.

जुन्या शेंगा वेळेत फोडून झाल्या, एकही पोतं बुरशीला गेलं नाही. पण सगळंच गोड नाही, तेही सांगते. सहांपैकी चौघी दाणे निवडायला आणि चाळायला राहिल्या. दोघींना मी काम देऊ शकले नाही. त्या मोठ्या गिरणीत गेल्या. त्यातली एक जाताना माझ्याशी बोलली नाही. मला ते लागलंय.

आता मी तुम्हाला विचारते, कारण तुम्ही विचारलं नाहीत. सूनबाईला घेऊन जा. जी पोर एका बसण्यात जाळीची चूक काढते, तिनं माझे कान होऊन किती वर्षं उभं राहायचं? घाण्यापाशी मी दुसरं कुणी ठेवीन. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिला विचारलं?" आजचे दोन शब्द त्यावर खर्च झाले. मी अजून तिला विचारलेलं नाही. तुम्हीच विचारा, तुम्ही आई आहात. मी विचारलं तर मला रडू येईल आणि तिला वाटेल नको म्हणतेय.

तुमची विहीण

१४ डिसेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं आणि दोनच दिवसांनी आमच्या कारखान्याच्या पत्त्यावर आणखी एक पत्र आलं. मालकांनी ते माझ्यासमोर ठेवलं. तुम्हाला उतरवून पाठवते:

'महोदया, आमच्याकडे शेंगा फोडणी यंत्रांसाठी चार गिरण्यांकडून मागणी आलेली आहे. यंत्रांची जुळणी आम्ही आमच्या शेडमध्ये करणार आहोत. तरी लांबट भोकांच्या चार अर्धगोल जाळ्या कराव्यात. पंच आणि साचे तपासायला मी दर महिन्याचा पहिला आठवडा आपल्या कारखान्यात राहीन. मालकांशी तसं बोलणं झालेलं आहे. माझ्या गैरहजेरीत घाणा ऐकण्यासाठी दोन बायकांना शिकवत आहे. त्या मोठ्या गिरणीतून आठ दिवसांत परत आल्या. मुदत पाळावी, ही विनंती.'

खाली चिमीची सही. आडनाव दोन्हीकडचं.

आपण दोघी तिची वाटणी करत बसलो होतो, विहीणबाई! तुम्ही 'ने' म्हणताय, मी 'ठेव' म्हणतेय, आणि ही बाई चार यंत्रांची मागणी घेऊन, मालकांना परस्पर गाठून, माणसं शिकवायला लागून मोकळी! तुमच्याशी तरी बोलली होती का? नसेलच. मालक म्हणतात, त्यांना आठ दिवसांपासून ठाऊक होतं. मला आठवडाभर रोज 'काय, मुलगी काय म्हणते?' असं विचारून मिशीत हसत होते.

मी प्रेसपाशी जाऊन इतकी हसले की शेजारचीनं यंत्र बंद करून काय झालं ते विचारलं.

आज चारही पत्रे कापून झाले. पहिला प्रेसखाली आहे. चिमीच्या पत्राच्या तळाशी ताजा कलम आहे, तो तेवढा उतरवायचा राहिला: 'मागच्या जाळीच्या भोकांच्या कडा नीट घासलेल्या नव्हत्या, त्यामुळे दाण्यांची साल खरचटते. या वेळी लक्ष द्यावे.'

तीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. कानस घेऊन बसलेय. खरं आहे तिचं, कडा राहिल्या होत्या.

तुमची विहीण